हैदराबादला राहिलेली प्रयोगशाळा

आपल्याकडच्या औषध आणि बियाणे कंपन्यांच्या कागदपत्रांत ‘डीएसआयआरची मान्यता’ हे शब्द बरेचदा दिसतात. डीएसआयआर म्हणजे केंद्राचा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभाग, स्थापना ४ जानेवारी १९८५. ही मान्यता म्हणजे अनुदान, असा अनेकांचा समज आहे. तसं नाही. कंपनीने स्वतःच्या पैशातून चालवलेलं संशोधन खरंच चालतं का, हे विभाग तपासतो. त्यावर पूर्वी आयकरात खर्चाच्या दुप्पट वजावट मिळे. एप्रिल २०२० पासून ती खर्चाइतकीच उरली.

विभाग १९८५ चा असला तरी मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. युरोपातून येणारा माल अडला, तेव्हा इंग्रज सरकारने १९४० मध्ये संशोधन मंडळ नेमलं. व्हाइसरॉयच्या मंडळातले रामस्वामी मुदलियार आणि रसायनशास्त्रज्ञ शांतिस्वरूप भटनागर यांच्या खटपटीतून २६ सप्टेंबर १९४२ ला सीएसआयआर, म्हणजे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद, उभी राहिली. आज ती याच विभागाच्या छत्राखाली आहे, आणि विभागाचे सचिव हेच तिचे महासंचालक असतात.

पण मराठवाडा तेव्हा इंग्रजी मुलखात नव्हताच. आपण निजामाच्या राज्यात होतो, आणि त्या राज्याने १९४४ मध्ये हैदराबादला स्वतःची औद्योगिक संशोधन प्रयोगशाळा काढली. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद या जिल्ह्यांचा महसूलही त्याच तिजोरीत जात होता. म्हणजे ती आपलीही होती. १९५६ साली दोन्ही गोष्टी घडल्या: प्रयोगशाळा सीएसआयआरकडे गेली, आणि १ नोव्हेंबरला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. प्रयोगशाळा हैदराबादलाच राहिली. आजची भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था ती हीच. नव्या राज्यात पुण्याला १९५० पासून सीएसआयआरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा होती, पुढे नागपूरला तिचीच नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आली. मराठवाड्यात सीएसआयआरची प्रयोगशाळा आजही नाही. प्रादेशिक असमतोलाची चर्चा आपण पाणी आणि रस्त्यांपुरती ठेवतो, ही वाटणी त्यात येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

संशोधन आपल्याकडे आलं ते शेतीच्या वाटेने. परभणीचं शेती प्रयोगांचं प्रक्षेत्र निजामकाळातलं. १८ मे १९७२ ला तिथे कृषी विद्यापीठ झालं, आणि नांदेडच्या कापूस केंद्रातून ‘नांदेड-४४’ हा संकरित वाण निघाला. कोरडवाहू रानात तो किती पिढ्यांनी लावला, हे गावात कुणालाही विचारा. शेती संशोधनाचा विभाग आणि मंत्रालय मात्र डीएसआयआरहून वेगळं.

आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची (अवकाशातल्या प्रचंड टकरींनी उठणाऱ्या सूक्ष्म तरंगांची) वेधशाळा उभी राहत आहे. तत्त्वतः मंजुरी फेब्रुवारी २०१६ मध्ये मिळाली, सुमारे २,६०० कोटींची अंतिम मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये. हा पैसा डीएसआयआरचा नाही. तो अणुऊर्जा विभाग आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभाग यांच्याकडून येतो.