स्पेअरसाठी गाडी खोलणे (कोकण)

स्पेअरसाठी गाडी खोलणे म्हणजे पुन्हा रस्त्यावर येण्याजोगी न उरलेली जुनी मोटार सुटी करून तिच्या भागांवर त्याच जातीच्या दुसऱ्या गाड्या उभ्या करणे. गॅरेजात अशा मोटारीला ‘स्पेअरची गाडी’ म्हणतात. भंगारवाला गाडी किलोवर घेतो आणि गॅस कटरने तिचे तुकडे करतो. खोलणाऱ्याला मात्र बोल्टही शाबूत हवा असतो, कारण आज त्या मापाचा बोल्ट दुकानात मिळेलच असे नाही.

कोकण किनाऱ्यावर खोलायला मिळणाऱ्या गाड्यांत मुख्यतः फियाट ११०० आणि तिचीच पुढची प्रीमियर पद्मिनी, हिंदुस्थान अँबॅसेडर आणि महिंद्रची विलिस जातीची जीप येते. स्टँडर्ड हेराल्ड क्वचित. मुंबईकराने गावच्या घराच्या खळ्यात लावलेली, आंब्याच्या बागेत मांगराशेजारी (बागेतल्या खोपटाशेजारी) सोडलेली किंवा वारसांच्या वादात अडकलेली, अशी ही गाडी असते. अँबॅसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, पद्मिनीचे त्याच्या बरेच आधी. त्यामुळे पत्रा, काच आणि ट्रिमसाठी (आतली-बाहेरची सजावटीची पट्टी-अस्तरे) दुसरी गाडी शोधण्यावाचून फारसा मार्ग उरत नाही.

गंज कुठे धरतो

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. तरी गाडी खाते ते निव्वळ पाणी नव्हे, मीठ. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेले मीठ हवेतला दमटपणा ओढून घेते आणि पत्र्यावर ओलाव्याचा पातळ थर टिकवून धरते. उघड्या बॉनेटवरचे मीठ पाऊस धुऊन नेतो. सिल (दारांखालची पोकळ पत्र्याची पेटी), दरवाजाची खालची घडी, हेडलाइटमागची खोबण, डिकीचे कोपरे अशा बंद पोकळ्यांत ते साचते आणि जांभ्याच्या तांबड्या मातीशी मिळून लगदा होतो. म्हणून समुद्राकडे तोंड असलेल्या पडवीत ताडपत्री घालून ठेवलेली गाडी अनेकदा उघड्यावरच्या गाडीपेक्षा वाईट निघते. ताडपत्री घाम धरते. आंब्याखालच्या गाडीत काचेसमोरच्या जाळीतून मोहोर आणि पाला आत पडतो, पाणी जायची भोके बुजतात आणि पायांखालचा पत्रा वर्षभर भिजत राहतो.

फियाट आणि अँबॅसेडर या दोन्हींना वेगळी चॅसी नाही; बॉडी हाच सांगाडा. सिल आणि तळपत्रा गेला की गाडी गेली, वरून रंग कितीही चकचकीत असो. जीप आणि हेराल्डला चॅसी वेगळी आहे, त्यामुळे बॉडी चाळण झाली तरी सांगाडा वाचू शकतो.

यावरून कोकणात गाडी निवडताना एक हिशेब पक्का ठेवावा : किनाऱ्यावरची गाडी पत्र्यासाठी घ्यायची नाही. जे तेलात बुडालेले आहे (गिअरबॉक्स, डिफरन्शियलचे हौसिंग, स्टिअरिंग बॉक्स) आणि जे जाड ओतीव आहे, ते येथेही चांगले निघते. इंजिनाचे गळते तेल वर्षानुवर्षे माखल्यामुळे मागचा खालचा भाग कधीकधी आश्चर्य वाटावे इतका कोरा असतो. दरवाजे आणि मडगार्ड मात्र घाटावरच्या, कोरड्या हवेतल्या गाडीचे शोधावेत.

घेण्यापूर्वी

लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवावे. जिथे तो धरत नाही तिथे पुट्टी आहे. पेचकसाच्या मुठीने सिलवर ठोकावे. शाबूत पत्रा खणखणतो, कुजलेला थपथपतो. दार अर्धे उघडून वर उचलून पाहावे : बिजागरीची पिन झिजली असेल तर दार हलते, खांब कुजला असेल तर खांबच हलतो. डिपस्टिकवर (तेल मोजायच्या पट्टीवर) दुधाळ तेल असेल तर इंजिनात पाणी शिरले आहे. जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात बुडालेल्यांसारखी गाडी असेल तर बेअरिंग, डायनॅमो आणि सेल्फमध्ये (स्टार्टर मोटरमध्ये) बारीक गाळ असणारच. असे भाग फिरवून न पाहता आधी खोलावेत, नाहीतर गाळ पॉलिश पेपरचे काम करतो.

कागद आधी मिटवावेत. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली की मालकाने १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) परत करायची असते. खोलणाऱ्याने चॅसी नंबर असलेला पत्रा कापून दुसऱ्या गाडीला लावू नये. तो गुन्हा आहे आणि त्याने दुसरी गाडीही अडचणीत येते. पन्नास वर्षांवरील खासगी गाडीला जुलै २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज नोंदणी मिळते (शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे), पण चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मूळ स्वरूप बदलणारे फेरफार केलेले चालत नाहीत. त्यामुळे सुटे भाग लावताना मूळ जातीचेच लावावेत.

खोलण्याचा क्रम

आधी काठीने सीट झोडून बाहेर काढावी. रत्नागिरीकडे जांभ्याच्या दगडांत फुरसे (विषारी साप) असते आणि पडीक गाडीची कोरडी डिकी त्याला आवडते. छताच्या अस्तरात गांधीलमाश्यांचे पोळे असणे नित्याचेच. मग बॅटरी, पेट्रोल आणि सगळी तेले काढावीत. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण आत वाफ असते. टाकी उतरवून लांब ठेवल्याशिवाय गॅस पेटवू नये.

सुट्या भागांत काच सर्वांत आधी निघते. जुने रबर बीडिंग वाचवायला जाऊ नये. बाहेरची कड ब्लेडने कापावी आणि वरच्या कोपऱ्याला आतून तळहाताने हळूहळू रेटावे. पेचकसाने उचकटल्यास टफन्ड (तापवून कडक केलेल्या) काचेच्या कडेला टोला बसतो आणि क्षणात तिचा चुरा होतो. मग दाराची हँडल, कुलपे, काच चढवायची मशीन, मीटर, स्टिअरिंग, फियाटचा स्टिअरिंगखालचा गिअर लिव्हर आणि त्याचे सगळे जोड. हे जोड झिजले की गिअर अडकतात, म्हणून अडकत नसलेला संच मिळाला तर अख्खा काढावा.

पाने बरोबर घ्यावेत. फियाटचे बोल्ट मिलिमीटरचे, अँबॅसेडर आणि जीपचे इंची. इंची बोल्टला जवळपासच्या मापाचा मिलिमीटरचा पाना बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या जोरात कोपरे खातो. जाम बोल्टवर तारेच्या ब्रशने आटे साफ करून भेदक तेल सोडावे, रात्रभर ठेवावे, सकाळी डोक्यावर हातोड्याचे दोन-तीन ठोके द्यावेत, आधी किंचित आवळावे आणि मग सोडावे. सहा कोनांचा सॉकेट वापरावा. बारा कोनांचा घसरतो. तरीही न सुटल्यास नट लाल होईपर्यंत तापवावा, बोल्ट नव्हे. बोल्ट तुटला तरी चालतो, पण ज्यात तो बसला आहे त्या ओतीव भागाचे आटे जाता कामा नयेत.

फियाटच्या पुढच्या कॉइल स्प्रिंगा दाबलेल्या असतात. स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय आर्म सोडल्यास स्प्रिंग माणसाला लागते. अँबॅसेडरला पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचे काम करणारे पोलादी दांडे) आहेत. त्यांना डावा-उजवा अशी रंगाची खूण करावी, बाजू बदलू नये आणि पक्कडीचे ओरखडे पडू देऊ नयेत, कारण तडा ओरखड्यापासूनच सुरू होतो.

इंजिन

फियाटचे १०८९ सीसी इंजिन (बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ६८ मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची चाल ७५ मिमी) बिडाचे आहे, हेड म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण ॲल्युमिनियमचे. खाऱ्या हवेत पोलादी स्टड (हेड ज्यांवर नटांनी आवळलेले असते ते दांडे) आणि ॲल्युमिनियम एकमेकांना धरतात. स्टडभोवती पांढरी भुकटी फुगते आणि नट काढले तरी हेड हलत नाही. तेथे छिन्नी मारणारा हेड गमावतो.

इंजिन फिरत असेल तर एक जुनी युक्ती उपयोगी पडते. नट थंड इंजिनावर बाहेरून मध्याकडे अर्धा-अर्धा फेरा सोडावेत, मात्र चार-पाच आट्यांवर राहू द्यावेत. एका सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या अर्ध्यावर आणून प्लगच्या भोकातून सुती किंवा नायलॉनची दोरी ठासावी, टोक बाहेर ठेवावे आणि क्रँक हाताने फिरवावा. दोरी दाबली जाते आणि हेड वर उचलले जाते. दुसऱ्या टोकाच्या सिलिंडरवर हेच करावे. काथ्याचा सुंभ वापरू नये. त्याची तुसे आत राहतात.

इंजिनच जाम असेल तर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये सुमारे ५० मिली डिझेल आणि गिअर तेल सोडून आठवडाभर थांबावे. नंतर क्रँकला लांब पान्याने पुढे-मागे थोडे झुलवावे. गिअर टाकून गाडी ढकलण्याची घाई केली की कनेक्टिंग रॉड वाकतो. पिस्टन रिंग बसल्या होत्या तिथे सिलिंडरला गंजाचे कडे पडलेले असते. नख अडकत असेल तर बोअर करून (सिलिंडर कोरून मोठा करून) ओव्हरसाइज पिस्टन घालावे लागतात.

साफसफाई

लोखंडी भागांसाठी धुण्याचा सोडा लिटरला साधारण १५ ग्रॅम, प्लास्टिकचा टब आणि १२ व्होल्टचा चार्जर पुरतो. ऋण टोक भागाला, धन टोक टाकाऊ लोखंडी पत्र्याला, रात्रभर ठेवावे. टोके उलटी लागली तर चांगला भागच विरघळतो. काम मोकळ्या हवेत करावे, हायड्रोजन निघतो. धन टोकाला स्टेनलेस लावू नये, पाण्यात विषारी क्रोमियम उतरते. ॲल्युमिनियम आणि कार्ब्युरेटर यात घालू नयेत, स्प्रिंगा तर नाहीच : हायड्रोजनने पोलाद ठिसूळ होते. पावसाळ्यात धुतलेला भाग पाहता पाहता पुन्हा तांबूस होतो, म्हणून फडके आणि तेलाची वाटी हाताशी ठेवूनच तो बाहेर काढावा.

कार्ब्युरेटरचे जेट पितळी असतात. त्यांचे भोक तारेने कोरल्यास मोठे होते आणि गाडी पेट्रोल पिते. हवेच्या फुंकरीने साफ करावे. झिंक मिश्रधातूच्या हँडलवर क्रोमला फोड आले असतील तर नव्याने क्रोम केले तरी ते टिकत नाहीत. पोलादी बंपर मात्र बहुधा वाचतो.

ब्रेकचे होज, व्हील सिलिंडरची रबरे, ऑइल सील, वायरिंग, टायर आणि खेळ असलेले स्टिअरिंगचे जोड काढले तरी वापरू नयेत. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ड्रम हवेने फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावा.

ठेवणी

बोल्ट शक्यतो आपापल्या भोकातच दोन आट्यांवर परत लावून ठेवावेत. चिठ्ठ्यांची शाई आगोटीपर्यंतही (पावसाळ्याच्या तोंडापर्यंतही) टिकत नाही. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने ठोकून लिहावे आणि तारेने बांधावे. गिअरबॉक्स तेलाने भरून भोके बुचाने बंद करावीत. काचा आडव्या रचू नयेत, उभ्या, मध्ये गोणपाट घालून. दरवाजेही उभे ठेवावेत, पाणी जायची भोके खाली, आणि जमिनीपासून वीतभर वर फळीवर : कोकणात जमीनच घाम सोडते.