व्हँकूवरमधील चेरी-बहर निरीक्षण

व्हँकूवरमधील चेरी-बहर निरीक्षण : कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील व्हँकूवर शहरात शोभेच्या चेरीची झाडे दर वसंतात कुठे, कधी आणि कोणत्या क्रमाने फुलतात हे पाहण्याचा व नोंदवण्याचा नागरी परिपाठ. शहरात अशी 40,000 हून अधिक झाडे असल्याचे सांगितले जाते. त्यांतील बरीचशी बागांपेक्षा राहत्या वस्तीतल्या रस्त्यांच्या कडेला आहेत. ती फळांसाठी लावलेली नाहीत आणि अनेकांना खाण्याजोगे फळ धरतही नाही.

टोकियोत सोमेई-योशिनो या एकाच वाणाचे राज्य आहे. त्यामुळे तिथला बहर एकदम उसळतो आणि दीडदोन आठवड्यांत ओसरतो. व्हँकूवरची गोष्ट वेगळी. इथे अनेक वाण मिसळून लावलेले असल्याने हंगाम फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेच्या सुरुवातीपर्यंत लांबतो. साहजिकच इथल्या निरीक्षकाला तारीख माहीत असून भागत नाही, वाण ओळखता यावा लागतो.

सुरुवात सहसा ‘व्हिटकम’ने होते. पसरट घेराचे, गडद गुलाबी फुलांचे हे झाड पाऊस आणि गारठा असतानाच फुलते. मार्चच्या शेवटी व एप्रिलच्या आरंभी ‘आकेबोनो’ आणि सोमेई-योशिनोची पाळी येते. दोन्हींची फुले एकेरी, पाच पाकळ्यांची, फिकट गुलाबी ते पांढरी असतात व पालवी फुटण्याआधी येतात. शहराच्या मध्यभागी बरार्ड स्थानकाबाहेर आकेबोनोची झाडे फुलली की कचेरीत निघालेली माणसेही फोन काढून थांबतात. त्यांच्या मागोमाग पांढरीशुभ्र ‘शिरोताए’ व ‘ताई-हाकू’, मग हिरवट-पिवळी ‘उकोन’. एप्रिलच्या मध्यानंतर ‘कान्झान’ फुलते. तिची फुले भरगच्च पाकळ्यांची, झगझगीत गुलाबी, आणि सोबत तांबूस पालवी. जाणकारांना ती जरा भडक वाटते. लोकांना मात्र तीच आवडते, आणि गल्लीवर दुतर्फा गुलाबी कमान धरणारी झाडे बहुधा तीच असतात. शेवटी ‘शिरोफुगेन’ येते. तिची फुले पांढरी उमलतात आणि जुनी होता होता गुलाबी होतात.

यांतील ताई-हाकूची कथा सांगण्याजोगी आहे. हा वाण जपानमधून नाहीसा झाला होता. 1923 मध्ये इंग्रज वनस्पतिप्रेमी कॉलिंगवुड इंग्रम यांना ससेक्समधील एका बागेत त्याचे मरणपंथाला लागलेले झाड सापडले. त्यांनी त्यावरून कलमे केली आणि 1932 मध्ये ती जपानलाही पोचवली. आज जगात जिथे जिथे ताई-हाकू आहे, तिथे ती त्याच एका झाडाची कलमी संतती आहे.

नवख्याची पहिली फसगत शोभेच्या प्लमपाशी होते. जांभळ्या पानांचे प्लम व्हँकूवरमध्ये भरपूर आहेत आणि बहुतेक चेरींच्या आधीच गुलाबी होतात. खूण सोपी आहे. चेरीच्या एका कळीतून लांब देठांच्या फुलांचा झुपका निघतो आणि बहुधा पाकळीच्या टोकाला खाच असते. प्लमच्या पाकळीचे टोक गोल असते आणि फुले बहुतकरून एकेकटी येतात. चेरीच्या सालीवरील आडव्या रेघांसारखी वल्करंध्रे (सालीतून हवा खेळवणारी बारीक छिद्रे) ओळख पटवायला हिवाळ्यातही उपयोगी पडतात. कान्झानच्या फुलात डोकावले तर मधोमध स्त्रीकेसरांच्या जागी दोन चिमुकली हिरवी पाने दिसतात.  पुष्कळ झाडांच्या बुंध्यावर, कधी डोक्याच्या उंचीवर, कलमाचा फुगीर सांधा दिसतो. खाली रानचेरीचा खुंट, वर शोभेचा वाण. खुंटाला फुटवे आले आणि कोणी छाटले नाहीत, तर एकाच झाडावर दोन प्रकारची फुले दिसू लागतात.

या झाडांचा इतिहास बहराइतका गोड नाही. 1930 च्या दशकाच्या आरंभी जपानमधील कोबे आणि योकोहामाच्या महापौरांनी व्हँकूवरला 500 चेरीची झाडे भेट दिली. ती स्टॅन्ली पार्कमधील, पहिल्या महायुद्धात कॅनडासाठी लढलेल्या जपानी कॅनेडियनांच्या स्मारकापाशी लावण्यासाठी होती. पुढे 1942 मध्ये त्याच समाजातील सुमारे 22,000 लोकांना किनारपट्टीवरून सक्तीने हलवण्यात आले. त्यांची घरे, दुकाने, मासेमारीच्या होड्या सरकारने विकून टाकल्या आणि 1949 पर्यंत त्यांना परतू दिले नाही. भेटीची झाडे शहरात राहिली, ज्यांच्या सन्मानासाठी ती आली होती ते लोक नाही. बहराच्या जाहिरातींत हा भाग क्वचितच येतो. पॉवेल स्ट्रीट परिसरात एकेकाळी जपानी वस्ती होती. तिथल्या ओपनहायमर पार्कमध्ये 1977 मध्ये, पहिल्या जपानी स्थलांतरिताच्या आगमनाच्या शताब्दीनिमित्त, पहिल्या पिढीतील वृद्धांनी चेरी लावल्या. उद्यानाच्या फेररचनेत त्या तोडल्या जाण्याची वेळ आली, तेव्हा समाजाने मोहीम चालवून बहुतेक झाडे राखली.

निरीक्षणाला संघटित रूप दिले ते लिंडा पूल यांनी 2005 मध्ये स्थापन केलेल्या व्हँकूवर चेरी ब्लॉसम फेस्टिव्हलने. ‘चेरी स्काउट’ म्हणवणारे स्वयंसेवक आपापल्या भागातील झाडांची अवस्था कळवतात आणि त्यावरून वस्तीवार नकाशा अद्ययावत होतो. यूबीसी (ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ) वनस्पतिउद्यानाचे डग्लस जस्टिस यांनी शहरातील वाण ओळखण्याची मार्गदर्शिका लिहिली. तिच्यामुळे हौशी मंडळी ‘गुलाबी झाड’ न म्हणता वाणाचे नाव घेऊ लागली. उत्सवासोबत हायकू स्पर्धाही चालते.

व्हँकूवरचा ओला वसंत या झाडांना मानवतोच असे नाही. फुले असताना पावसाची झड लागली की एक बुरशी कळ्या व कोवळ्या डहाळ्या करपवते. आकेबोनोला तिचा विशेष त्रास होतो. चेरीची मुळे उथळ असल्याने पदपथ उचलले जातात, आणि रस्त्यावरील झाडाचे आयुष्यही काही दशकांचेच. रस्त्यांवरच्या झाडांची यादी महापालिकेने जातीच्या नावांसह सर्वांसाठी खुली केली आहे. तरी जुन्या नोंदीतला वाण आणि प्रत्यक्ष फूल जुळतेच असे नाही, म्हणून अनुभवी निरीक्षक यादीवरून रस्ता शोधतात आणि नाव मात्र फूल पाहूनच ठरवतात.