प्रथिनाला रंग धरवताना: पार्श्वभूमी

टॉवेलचं सूत रिअ‍ॅक्टिव्ह रंगात बुडवताना सोडा शेवटी का घालतात, हे सोलापुरातल्या डाइंगवाल्याला माहीत असतं. म्हणजे प्रथिनांच्या रासायनिक बदलाचं निम्मं शास्त्र त्याच्या हातात आहेच. सोडा पडला की रंग धाग्याला पक्का धरतो. पण त्याच घडीला पाण्याशीही त्याची क्रिया होते. पाण्याने गाठलेला रंग धाग्याच्या उपयोगाचा राहत नाही, धुण्यात जातो. हे रंग आयसीआय या ब्रिटिश रसायन कंपनीतल्या रॅटी आणि स्टीफन यांचे. बाजारात आले १९५६ मध्ये. गंमत अशी, की स्टीफन लोकरीचे रंग करत होते, आणि लोकर म्हणजे प्रथिनच.

त्याआधी, १९४५ मध्ये, ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिन या प्रथिनाला फ्लुओरोडायनायट्रोबेन्झीन लावलं होतं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी; तिच्या टोकाचा मोकळा अमिनो गट त्याने पिवळा होतो, आणि आम्लात उकळून साखळी तोडली तरी तो पिवळेपणा टोकाच्या अमिनो आम्लावर टिकतो. टोकं सापडली ग्लायसिन आणि फेनिलअ‍ॅलनिन. साखळीच्या मधल्या लायसिन या अमिनो आम्लाच्या शेपटीलाही अमिनो गट असतो, त्यामुळे तीही पिवळी व्हायची, ती मात्र वेगळी ओळखावी लागे. आज बरंचसं काम त्या शेपटीवरच चालतं. इन्सुलिन डेटेमिर या मधुमेहाच्या औषधात इन्सुलिनच्या दोन साखळ्यांपैकी बी साखळीच्या २९व्या लायसिनला १४ कार्बनचं मिरिस्टिक आम्ल जोडलेलं असतं. ते अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला धरून राहतं, म्हणून औषध सावकाश सुटतं.

प्रयोगशाळेत सध्या चलती एनएचएस एस्टरची, म्हणजे लायसिनच्या अमिनो गटाला पकडणारा हात लावलेल्या रंगांची. १ मिलिग्रॅम अँटिबॉडी (प्रतिपिंड, हेही प्रथिनच) म्हणजे सुमारे ६.७ नॅनोमोल (मोल हे रेणू मोजण्याचं एकक), रंग दहापट, म्हणजे ६७ नॅनोमोल. बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, ०.१ मोलर बायकार्बोनेट, पीएच ८.३, वेळ एक तास. ट्रिस बफर वापरला तर त्याचाच अमिनो गट रंग खातो आणि प्रथिन कोरं राहतं. रंग जास्त घातला तर प्रथिन गढूळ होऊन खाली बसतं.

खरा वैरी इथेही पाणीच. पीएच ७ आणि ० अंश सेल्सियसला एस्टरचं अर्धायुष्य (निम्मा नष्ट व्हायला लागणारा वेळ) चार-पाच तास, पीएच ८.६ ला, ४ अंशांतसुद्धा, दहा मिनिटं. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा रंग कोरड्या (पाणी नसलेल्या) डीएमएसओ या द्रावकात आयत्या वेळीच विरघळवावा. पावसाळ्यात फ्रीजरमधली बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, आत दव धरतं.

शेवटी रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या सेफाडेक्स जी-२५ च्या कॉलममध्ये रंगाचे दोन पट्टे उतरतात: पुढचा प्रथिनाचा, मागचा सुट्या आणि पाण्याने खाल्लेल्या रंगाचा. पुढचा फिका दिसला, तर रंगाच्या बाटलीत पाणी शिरलं का, ते आधी तपासावं.