माप ओढ्याच्या तोंडाशी

नदीचं नाव 'चीट', म्हणजे फसवी. हे नाव कसं पडलं याच्या अनेक कथा सांगतात. पाणी वरून शांत दिसतं आणि पुढे माणसाला ओढून नेतं, ही त्यातली सगळ्यांच्या आवडीची. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात पार्सन्स गावाशी दोन प्रवाह एकत्र येऊन ही नदी बनते. मग डोंगरांमधून उत्तरेकडे वाहत ती पेनसिल्व्हेनियाच्या हद्दीत शिरते आणि लगेच मोनोंगाहेला नदीला मिळते. वाटेत ऑलब्राइट गावाखाली खोल घळ आहे. तिथल्या फेसाळत्या पाण्यात रबरी होड्या घालणाऱ्यांची एकेकाळी रीघ लागायची.

हा सगळा दगडी कोळशाचा मुलूख. १९९४च्या वसंतात टी अँड टी नावाच्या बंद पडलेल्या भूमिगत खाणीत साठलेलं पाणी डोंगराची कूस फोडून बाहेर आलं. खाण चालू असते तोवर पंप पाणी उपसत असतात. पंप थांबले की बोगदे भरत जातात, आणि दर दहा मीटर उंचीच्या पाण्यामागे चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो दाब वाढतो. डोंगर तो किती दिवस सोसणार? ते पाणी मड्डी क्रीक या ओढ्यात उतरलं आणि ओढ्यातून चीटमध्ये, नेमकं घळीच्या वरच्या अंगाला. घळीतल्या पाण्याचा सामू (पीएच) ४पर्यंत खाली आला. २५ किलोमीटर खालच्या चीट तलावापर्यंत मासे मेले. पुढच्या वर्षी डोंगर पुन्हा फुटला. १९९५ साली 'अमेरिकन रिव्हर्स' या संस्थेने देशातल्या सर्वाधिक धोक्यातल्या दहा नद्यांमध्ये चीटचं नाव घातलं.

माती परीक्षणाच्या कागदावर सामू पाहिलेल्या शेतकऱ्याला हा आकडा समजावून सांगायला नको. सामू ७ म्हणजे उदासीन पाणी. त्याखाली प्रत्येक अंकाला आम्लता दहापट होते, म्हणजे ४ सामूचं पाणी उदासीन पाण्याच्या हजारपट आम्ल. आपलं ताक जवळपास एवढंच आंबट असतं आणि ते पिऊन आपल्याला बरंच वाटतं. माशाला मात्र त्यातच श्वास घ्यायचा असतो.

हे आम्ल येतं कुठून? कोळशात आणि त्याच्या आजूबाजूच्या खडकात पायराइट नावाचं खनिज असतं. लोह आणि गंधक यांचं हे संयुग सोन्यासारखं चमकतं. (फसवेपणाची या भागात परंपराच दिसते.) कोट्यवधी वर्षं ते जमिनीत हवेपासून दूर, निमूट पडलेलं असतं. खाण खणली की त्याला हवा लागते, पाणी लागतं, आणि त्याचं गंधकाम्ल व विरघळलेलं लोह बनायला लागतं. नुसत्या रसायनांवर सोडलं तर आम्लपाण्यात हे काम रेंगाळतं. पण हे लोह खाऊन जगणारे जिवाणू आहेत, आणि ते ही क्रिया लाखो पटींनी वेगवान करतात. १९४७ मध्ये कोल्मर आणि हिंकल या दोन संशोधकांनी खाणीच्या आम्लपाण्यातले हे जिवाणू ओळखले, तेही वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात. विद्यापीठाचं गाव मॉर्गनटाउन चीट तलावाच्या शेजारीच आहे. म्हणजे रोगाचं निदान पेशंटच्या दारात बसून झालं होतं, उपचारांना मात्र पुढे जवळपास अर्धं शतक लागलं.

हे पाणी उघड्या हवेत आलं की विरघळलेलं लोह साक्याच्या रूपात खाली बसतं आणि ओढ्याचा तळ गेरूने सारवल्यासारखा होतो. ही उपमा नाही, ते जवळपास गेरूच असतं. तिथले खाणकामगार त्याला 'यलो बॉय' म्हणतात. तळाच्या दगडांखाली राहणाऱ्या किड्यांची घरं त्याखाली बुजतात, आणि किडे गेले की मासे उपाशी. पण डोळ्यांना न दिसणारं ॲल्युमिनियम त्याहून वाईट. आपण गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो तेव्हा तुरटीतलं ॲल्युमिनियम चिकट साका बनून गाळ खाली बसवतं. आम्लपाण्यातलं ॲल्युमिनियम हेच काम माशाच्या कल्ल्यांवर करतं, आणि मासा पाण्यात असून गुदमरतो.

डोंगर फुटल्यावर सगळ्यात आधी उठले ते होड्यावाले. रोजी बुडाली होती, शिवाय नदीवर जीवही होता. त्यांनी आणि गावकऱ्यांनी 'फ्रेंड्स ऑफ द चीट' ही संस्था काढली, आणि १९९५ मध्ये 'रिव्हर ऑफ प्रॉमिस' नावाचा करार झाला. राज्य आणि केंद्र सरकारची खाती, विद्यापीठ, पर्यावरणवाले आणि कोळसा उद्योग, असे सगळे एका कागदावर आले. कागदाला कायद्याची ताकद नव्हती. अशा कागदांबद्दल मला फारसा आदर नाही, बहुतेकांचं पुढे काय होतं ते आपल्याला माहीत आहे. पण इथे संस्थेने एक शहाणपणा केला. घोषणा देण्याआधी ती मोजायला बसली.

मोजायचं काय, यात खरी गोम आहे. एखादा झरा इतका भगवा असतो की त्याचा फोटो कुठेही छापून यावा. समजा त्यातून सेकंदाला एक लिटर पाणी येतं आणि लिटरमागे १००० मिलिग्रॅम आम्लता आहे. दिवसाला ८६ किलो झाली. जवळच जेमतेम डागाळलेला, जवळपास स्वच्छ दिसणारा प्रवाह आहे, लिटरमागे फक्त १०० मिलिग्रॅमचा. पण तो सेकंदाला ५० लिटर वाहतो. त्याचा हिशेब दिवसाला ४३२ किलो, पहिल्याच्या पाचपट. नदी मारणारा हा दुसरा, आणि फोटो निघतो पहिल्याचा. नदीला आम्ल किती तीव्र आहे याच्याशी कर्तव्य नसतं, एकूण किती किलो येऊन पडलं याच्याशी असतं. हे कळायला प्रत्येक झऱ्याचं पाणी भरून तपासावं लागतं, त्याचा प्रवाह मोजावा लागतो, आणि तेही पावसात, बर्फात, उन्हाळ्यात, पुन्हा पुन्हा. कुठल्याही खात्याकडे एवढी माणसं नसतात. शिवाय बहुतेक झरे खासगी जमिनीत. सरकारी गाडी फाटकाशी आली की मालकाच्या पोटात गोळा येतो. शेजारचा ओळखीचा माणूस बाटली घेऊन आला की तो स्वतःच वाट दाखवतो.

या मोजणीतून कुठे आधी हात घालायचा ते ठरलं, आणि केंद्राच्या निधीतून संस्थेने एकेका ठिकाणी चुनखडीचे उपचार उभे केले. आम्लावर चुना, इतकी साधी गोष्ट. पण चुनखडीच्या दगडांवर हवा लागलेलं लोहपाणी सोडलं की दगडांवर लोहाचं कवच चढतं आणि आतली चुनखडी तशीच राहते. यावर एक युक्ती म्हणजे दगड जमिनीत पुरून पाण्याला हवाच लागू द्यायची नाही. दुसरी अशी, की चर तीव्र उताराचा खणायचा, म्हणजे वेगाचं पाणी कवच घासून काढतं. तिसरीत खताच्या थरातून पाणी झिरपवतात. तिथले वेगळे जिवाणू गंधकाची गाडी उलटी फिरवतात आणि पाण्याचा आंबटपणा कमी करतात. वीज लागत नाही, पण दर काही वर्षांनी सगळं उकरून साफ करावं लागतं.

या उपायांनी छोटे झरे आटोक्यात आले. मड्डी क्रीक मात्र मेलेलाच राहिला, आणि त्याचं कारण रसायनशास्त्रात नव्हतं.

अमेरिकेत १९७७ साली खाणकामाचा मोठा कायदा झाला. त्याआधी सोडून दिलेल्या खाणींना वारस नाही. त्यांच्यासाठी चालू खाणींकडून कोळशाच्या टनामागे काही सेंट घेऊन निधी उभारतात. कायद्यानंतरच्या खाणींना आधी अनामत ठेवावी लागते. कंपनी बुडाली की अनामत जप्त होते आणि खाण राज्याच्या गळ्यात पडते. टी अँड टी अशीच राज्याकडे आली. २००९ मध्ये केंद्रीय न्यायालयाने राज्याला बजावलं की अशा खाणींच्या पाण्यासाठी तुम्हालाही कंपन्यांसारखाच परवाना घ्यावा लागेल. निकाल बरोबर होता. पण परवाना पाइपाच्या तोंडाशी माप घेतो. म्हणजे राज्याने आपल्या खाणीचं पाणी भरपूर खर्च करून काटेकोर स्वच्छ करायचं आणि ते ओढ्यात सोडायचं, आणि त्याच ओढ्यात दोन पावलांवरून १९७७ आधीच्या बेवारस खाणीचं आम्ल मोकळं येऊन पडणार. कायदा पाळला जाणार, पैसा संपणार आणि ओढा भगवाच राहणार.

तोडगा निघाला तो असा, की माप पाइपाशी न घेता ओढ्याच्या तोंडाशी, म्हणजे तो नदीला मिळतो तिथे घ्यायचं. राज्याचं पर्यावरण खातं, केंद्राची पर्यावरण संस्था, विद्यापीठाचे पॉल झिमकिविच यांच्यासारखे संशोधक आणि नदीवाले यांनी मिळून या पाणलोटासाठी वेगळा परवाना घडवला. कुठली खाण कोणत्या सालची, हा प्रश्न बाजूला ठेवला. उपनाल्यांवर यंत्रं बसवून थेट वाहत्या पाण्यात चुन्याचं दूध सोडायचं, मोठ्या स्रोतांचं पाणी टी अँड टीच्या नव्या शुद्धीकरण केंद्रात आणायचं, आणि शेवटी ओढ्यात मासा जगतो का ते पाहायचं. एखाद्या नाल्याच्या काही भागात चुन्याचा साका बसणार, हे उघडपणे मान्य केलं. कठोर पर्यावरणवाद्याला ही तडजोड खटकेल. मलाही आधी खटकली. मग नकाशा पाहिला. मड्डी क्रीकचा वरचा भाग थंड, स्वच्छ, ट्राउट माशांचा. मेलेला होता तो फक्त खालचा साडेपाच किलोमीटरचा तुकडा, आणि त्या तुकड्यामुळे वरचे मासे नदीपासून तुटले होते. २०१८पासून उपचार पूर्ण जोमाने सुरू झाले आणि त्या खालच्या पाण्यात पुन्हा मासे दिसू लागले. चीट तलावात वॉलआय मासा परतला आहे. घळीची मोठी जमीन २०१४ मध्ये संरक्षित झाली. तिथे एक तीन दातांची चपटी गोगलगाय राहते, जगात दुसरीकडे कुठेही नाही.

भारतातल्या बहुतेक कोळशात गंधक कमी आहे, म्हणून आपल्याकडे या रोगाची चर्चा फारशी होत नाही. ईशान्येचा कोळसा मात्र गंधकाचा. मेघालयातल्या जैंतिया टेकड्यांमध्ये उंदरांच्या बिळांसारख्या खाणींमुळे नद्या अशाच आंबल्या. तिथली लुखा नदी हिवाळ्यात निळी होते. हरित लवादाने २०१४ मध्ये तिथल्या खाणकामाला मनाई केली. पण खाणकाम थांबलं तरी पायराइट थांबत नाही, आणि त्या असंख्य बिळांचा आज वारस कोण, हा प्रश्न तिथेही आहेच.

अशा शुद्धीकरणातून उरलेल्या चिखलातून दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं काढण्याचे प्रयोग वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठ आता करत आहे. ही मूलद्रव्यं चुंबकांमध्ये आणि मोबाइलमध्ये लागतात. यश आलं तर चिखलच थोडा खर्च भागवेल. पण मुख्य अडचण जुनीच आहे. शुद्धीकरण केंद्र उभारायला निधी मिळतो, चालवायला मिळत नाही, आणि हे पाणी पिढ्यान् पिढ्या येतच राहणार. २०२१ मध्ये अमेरिकी संसदेने बेवारस खाणींसाठी ११.३ अब्ज डॉलर मंजूर केले, आणि पुढच्या वर्षी आणखी एक छोटा कायदा करून त्यातले ३० टक्क्यांपर्यंत पैसे आम्लपाण्याच्या दीर्घकाळच्या उपचारांसाठी बाजूला ठेवायची राज्यांना मुभा दिली. ती रक्कम ठेवीत राहील, आणि तिच्या व्याजातून दर वर्षीचा चुना विकत घ्यायचा.