माउंटन बाइकची चेन आणि कॅसेट वेळेआधी झिजत असेल तर

‘नवीन चेन टाकली, तरी चढावर जोर दिला की उडते,’ म्हणजे दातांवरून सटकते, ही तक्रार पावसाळा संपला की आमच्याकडे हमखास येते. बहुतेक वेळा दोष नव्या चेनचा नसतो. जुनी चेन गरजेपेक्षा जास्त चालवलेली असते आणि कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्र्यांच्या संचाचे, दात तिच्या वाढलेल्या मापाने झिजलेले असतात. चेन वेळेवर बदलली तर तिच्यापेक्षा कितीतरी महाग असलेली कॅसेट वाचते, म्हणून आम्ही चेनवर एवढा भर देतो.

चेन लांब होते ती पट्ट्या ताणल्या गेल्यामुळे नाही. शंभराहून जास्त सांधे असतात, आणि प्रत्येक सांध्यात पिन थोडी थोडी झिजून फट वाढते. नव्या चेनमध्ये दोन पिनांच्या मध्यांतले अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी असते आणि दातही त्याच मापाने कापलेले असतात. माप जुळेनासे झाले की चेन दातांवर वर चढते, भार मोजक्याच दातांवर येतो आणि ते एका बाजूला झुकतात.

घरी मोजून पाहा

इंचाच्या खुणांची स्टीलची पट्टी घ्या. चेन ताणलेली असताना एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा. १२ इंचांची खूण दुसऱ्या पिनच्या बरोबर मध्यावर यायला हवी. पिन १/१६ इंच, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर पुढे गेली असेल तर झीज अर्धा टक्का झाली. मागे ११ किंवा १२ गिअर असतील तर चेन इथेच बदला. १० किंवा त्याहून कमी गिअर असतील तर पाऊण टक्क्यापर्यंत चालते. पिन १/८ इंच पुढे गेली असेल तर कॅसेटही बहुधा गेलेली आहे. अशा वेळी फक्त चेन विकणे आम्हाला पटत नाही. सध्याचा संच उडायला लागेपर्यंत चालवा आणि मग चेन-कॅसेट एकदम बदला.

तेल आणि धूळ

लवकर झीज होण्याचे सगळ्यात मोठे कारण हेच. मुरमाची धूळ किंवा पावसाळ्यातला चिखल तेलात कालवला गेला की गॅरेजमध्ये व्हॉल्व्ह घासायला वापरतात तशी पेस्ट तयार होते आणि ती थेट पिनपर्यंत पोचते. चेन काळीकुट्ट, ओलसर दिसते म्हणजे तेल भरपूर आहे असे समजू नका.

इंजिन ऑइल धूळ धरून ठेवते. शिलाई मशीनचे तेल पातळ असल्याने टिकत नाही. गंज सोडवायचा स्प्रे तर सांध्यात होते ते वंगणही धुऊन काढतो. पावसात ‘वेट’ आणि कोरड्या दिवसांत ‘ड्राय’ किंवा मेणाचे ल्यूब (चेनचे वंगण) वापरा. प्रत्येक रोलरवर (पिनभोवती फिरणाऱ्या छोट्या नळीवर) एक थेंब टाका, पेडल उलटे फिरवा, रात्रभर राहू द्या आणि सकाळी बाहेरून कापडाने अगदी कोरडे पुसा. हे पुसणे कृपया टाळू नका. वंगण आत हवे, बाहेर राहिलेले फक्त माती गोळा करते.

रॉकेलने धुतलेली चेन पूर्ण वाळल्याशिवाय ल्यूब टाकू नका. गाड्या धुतात त्या जोराच्या फवाऱ्याने सायकल धुऊ नका. पाणी आणि रेती बेअरिंगमध्ये शिरते.

चालवताना

चढ सुरू होण्याआधी गिअर हलका करा, चढावर पूर्ण जोर लावलेला असताना नको. सपाटीवर सतत मागच्या ११ दातांच्या चक्रीवर राहू नका. थोड्या दातांवर तेवढाच भार येतो आणि ती आधी झिजते. पुढे पेडलजवळ दोन-तीन चेनरिंग (दातेरी चक्र्या) असतील तर पुढची मोठी-मागची मोठी आणि पुढची लहान-मागची लहान जोडी टाळा, चेन तिरकी चालते.

तपासणीला आणताना

सायकल धुऊन आणू नका. चेनवरची घाण पाहून आम्हाला बरेच काही कळते. चेन कुठे उडते तेही लक्षात ठेवा. एक-दोन ठराविक चक्र्यांवरच उडत असेल तर त्या झिजल्या आहेत. कोणत्याही गिअरमध्ये ठरावीक अंतराने झटका बसत असेल तर बहुधा एखादा सांधा कडक झालेला असतो, आणि तो बऱ्याचदा नवीन भाग न घालताच मोकळा होतो. सायकल उजव्या बाजूला पडली असेल तर तेवढे आवर्जून सांगा. मागच्या डिरेलरचा (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा तुकडा, वाकलेला असू शकतो, आणि तो सरळ केल्याशिवाय गिअर नीट बसत नाहीत.