कॉफी बागेची ॲपवर नोंदणी: कोण करू शकतं, कागद कुठले आणि बाईचं नाव कुठे अडकतं

कॉफी बोर्डाच्या 'इंडिया कॉफी' ॲपवर नोंदणी कशी करायची, हे चिकमगळूर-कोडगूकडे बाग असलेले बरेच जण विचारतायत, शिवाय आपल्या चिखलदऱ्यातही थोडी कॉफी होतेच, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी हे सगळं कशासाठी ते बघू. युरोपियन युनियनचा जंगलतोडविरोधी कायदा आलाय 2023 ला, त्यात कॉफीपण आहे. 31 डिसेंबर 2020 नंतर जंगल तोडून केलेल्या जमिनीवरची कॉफी तिकडे विकता येणार नाही, आणि माल कुठल्या प्लॉटमधून आला हे तिकडच्या इंपोर्टरला लोकेशनसकट सांगावं लागणार. तारीख दोनदा पुढे गेली, आता मोठ्या-मध्यम कंपन्यांना 30 डिसेंबर 2026 आणि तिकडच्या छोट्यांना 30 जून 2027. भारत 'लो रिस्क' यादीत आहे त्यामुळे तपासणी हलकी, पण प्लॉटची माहिती द्यावीच लागते, त्यातून सुटका नाही. ही माहिती द्यायचा ऑनलाइन फॉर्म भरणं शेतकऱ्याचं काम नाही, ते इंपोर्टर करतो, पण त्यात टाकायची माहिती आपल्याकडूनच, या ॲपवरच्या नोंदणीतून जाते ना. आणि नियम मोडला तर दंड त्याला, म्हणून तो कागद नसलेला माल घ्यायलाच बघत नाही.

सावलीत कॉफी आहे, म्हंजे झाडं आहेत, मग ते जंगल धरतील का, असं घाबरून विचारतात. नाही. झाडांखाली घेतलेलं पीक त्या कायद्यात शेतीच धरलंय. बागेतला सिल्व्हर ओक तोडला म्हणून जंगलतोड होत नाही, तोडायची परवानगी मात्र आपल्या राज्याच्या नियमानं घ्यायचीच, ते वेगळं.

आता नोंदणी. बाग किती मोठी याने फरक पडत नाही, बोर्डाच्या हिशोबात 10 हेक्टरपर्यंत सगळे छोटेच उत्पादक. मोबाईल जमत नसेल तर जवळच्या कॉफी बोर्डाच्या जेएलओ (ज्युनिअर लायझन ऑफिसर) ऑफिसात जा, तिथे विचारा. जाताना आधार, आधारला जोडलेला मोबाईल, बँक पासबुक, फोटो आणि जमिनीचा ताजा उतारा घेऊन जा, कर्नाटकात आरटीसी म्हंजे पहाणी, आपल्याकडे सातबारा आणि 8अ, वनहक्काची जमीन असेल तर तो पट्टा. बागेची जुनी नोंदणी झालेली असेल तर तो नंबरपण असू द्या. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे ना ते घरीच बघा, आधारवर सुमन आणि उताऱ्यावर सुमनबाई असलं की तिथेच गाडी अडते.

लोकेशनचं जरा नीट समजून घ्या. 4 हेक्टरपर्यंतच्या प्लॉटला त्या कायद्यात एक पॉइंट पुरतो, पण अक्षांश-रेखांश दशांशानंतर सहा आकडे हवेत. दोनच आकडे लिहिले तर जागा किलोमीटरभर इकडेतिकडे होते, म्हंजे शेजाऱ्याच्याच काय शेजारच्या गावातल्या बागेत जाईल! 4 हेक्टरच्या वर असेल तर पूर्ण हद्द आखावी लागते. दाट झाडीत फोनचं जीपीएस भरकटतं, म्हणून बागेतच पण मोकळ्या जागी उभं राहा, जरा वेळ थांबा, मग पिन टाका. घराच्या ओट्यावर बसून टाकू नका, प्लॉट दोन ठिकाणी असतील तर दोन्ही वेगळे टाका.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. चेरी म्हंजे कॉफीची फळं तोडणं, वाळवणं, निवडणं यात निम्म्याहून जास्त काम बायका करतात आणि उताऱ्यावर नाव सासऱ्याचं किंवा नवऱ्याचं, कधीकधी वारलेल्या आजेसासऱ्याचं! ॲपवर जे नाव जाणार ते उताऱ्यावरून, म्हणून ॲपच्या आधी उतारा. महाराष्ट्रात नवरा हयात असेल आणि जमीन त्याच्या नावावर असेल तर लक्ष्मी मुक्तीचा रस्ता आहे, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ती मोहीम चालवली आणि 1992 ला सरकारने परिपत्रक काढलं. नवऱ्याने तहसीलदारांच्या नावे अर्ज करायचा, बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावा म्हणून, सोबत दोघांचं आधार, लग्नाचा पुरावा, सातबारा, 8अ. फी नाही. मग फेरफाराची नोटीस निघते, 15 दिवसात हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. अट एकच, अर्ज नवऱ्यानेच करायचा, बायकोने एकटीने केला तर होत नाही, इथेच सगळं घोडं पेंड खातं.

कर्नाटकात मालक वारला असेल तर वारसांनी पौती खातं म्हंजे वारसनोंद करून घ्यायची, मृत्यूचा दाखला आणि वंशावळ लागते. विधवा आणि मुली दोघींचाही हक्क आहे, लग्न झालेल्या मुलीचासुद्धा, हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर त्यात शंका उरली नाही. 'बहिणींनी सोडून दिलंय' असं तोंडी चालत नाही. कोडगूतल्या जम्मा म्हंजे पिढीजात खानदानी जमिनींचं मात्र वेगळं प्रकरण आहे, जुन्या पट्टेदाराच्या नावावर अख्खं खानदान असतं, तिथे वकील गाठल्याशिवाय हात घालू नका.

मेळघाट, आंध्रातलं अराकू, ओडिशातलं कोरापुट इथल्या आदिवासी कुटुंबांसाठी तर कायद्यातच सोय आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यात लग्न झालेल्या जोडप्याचा पट्टा दोघांच्या नावे द्यावाच लागतो. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन कसत असल्याचे निदान दोन पुरावे लागतात, त्यातला एक गावातल्या म्हाताऱ्या माणसाचं लेखी निवेदन चालतं. दावा ग्रामसभेकडे, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती, नामंजूर झाला तर 60 दिवसात अपील. हातात पट्टा आला की बायकोचं नाव आहे ना ते तिथल्या तिथे वाचून घ्या.

गटाने सर्टिफिकेट घ्यायचं असेल, म्हंजे शेतकऱ्याला किमान भावाची हमी देणाऱ्या फेअरट्रेडसारखं, तर ते एकट्या शेतकऱ्याला मिळत नाही, छोट्या उत्पादकांच्या संस्थेला मिळतं. अर्ज फ्लोसर्टकडे (फेअरट्रेडची तपासणी करणारी कंपनी), फी, मग ऑडिट. धुतलेल्या अरेबिकाला पौंडाला 1.80 डॉलर किमान भाव आणि वर 20 सेंट प्रीमियम, तो कशावर खर्च करायचा हे सभासदांची सभा ठरवते. सभासद यादीत बाईचं नाव नाही तर मत नाही, म्हणून संस्थेचे नियम लिहितानाच घरटी एकच सभासद असं लिहू नका, नवरा-बायको दोघंही सभासद होतील असं लिहा.

नोंदणी झाल्यावर मालाचीपण काळजी घ्या. माहिती असलेला माल आणि कुठला ते माहीत नसलेला माल एकत्र झाला की सगळाच गेला, युरोपच्या कायद्यात नुसतं हिशोबाने वेगळं दाखवलेलं चालत नाही. गावातला ट्रेडर पाच घरची चेरी एकाच ढिगात ओतत असेल तर आधी विचारा, आणि वजन, तारीख, प्लॉट लिहिलेली पावती घ्या, जिच्या नावावर बाग तिच्याच नावाची.