पश्चात्ताप (ख्रिस्ती आचारसंकल्पना, सोलापूरच्या संदर्भात)

पश्चात्ताप : ख्रिस्ती धर्मविचारातील एक मूलभूत संकल्पना. पापाची जाणीव, त्याचे दुःख, त्याची कबुली आणि देवाकडे व दुखावलेल्या माणसाकडे परत वळणे, एवढे सगळे या एका शब्दात येते. येशूच्या प्रचाराची सुरुवातच ‘पश्चात्ताप करा व सुवार्तेवर विश्वास ठेवा’ या हाकेने झाल्याचे मार्ककृत शुभवर्तमान सांगते. त्यामुळे विश्वास हा पश्चात्तापाचा जोडीदार ठरतो आणि त्या दोघांची परीक्षा प्रीतीत होते. प्रस्तुत नोंदीत मराठी ख्रिस्ती जीवनातील, आणि त्यातही सोलापूरसारख्या मागांच्या, मजुरीच्या व चार भाषांच्या शहरातील या संकल्पनेचा विचार केला आहे.

शब्द आणि त्याच्या चार भाषा : नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द ‘मेटानोइया’. त्याचा अर्थ मन पालटणे. त्यामागे उभा असलेला हिब्रू धातू ‘शूव’, म्हणजे वाट चुकलेल्याने माघारी फिरणे. संदेष्टे इस्राएलला वारंवार ‘फिरा’ म्हणतात ते याच धातूने. मराठीने निवडलेला शब्द मात्र संस्कृतातून आलेला आहे : पश्चात् म्हणजे मागाहून, ताप म्हणजे जळणे. कृत्य होऊन गेल्यावर आतून होणारी होरपळ त्यात नेमकी पकडली आहे. पाय कोणत्या दिशेने उचलायचे हे मात्र तो शब्द सांगत नाही.

ती उणीव सोलापुरात शेजारच्या भाषा भरून काढतात. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा या शहरात घराघरांत आणि बाजारात चालतात. तेलंगणातून आलेल्या विणकरांच्या तेलुगूमध्ये बायबलने ‘मारुमनस्सु’ हा शब्द योजला आहे. पालटलेले मन हा त्याचा अर्थ ग्रीकला जवळजवळ शब्दशः जुळतो. कन्नड बायबलच्या परिचित भाषांतरात बाप्तिस्मा करणारा योहान लोकांना ‘देवाकडे वळा’ असे सांगतो. उर्दूत ‘तौबा’ आहे. या अरबी शब्दाचे मूळ परतण्याचे असून तो हिब्रू ‘शूव’चा भाषिक नातलग आहे. आपण मराठीत दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावून ‘तोबा तोबा’ म्हणतो, तेव्हा यिर्मया संदेष्ट्याने वापरलेल्या धातूचा चुलतभाऊच तोंडात असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. चारही शब्द एका ओळीत ठेवले की संकल्पना पुरी होते : जळणे, मन पालटणे, वळणे, परतणे.

नुसत्या जळण्याने भागत नाही, याचे बायबलमधील सर्वांत कठोर उदाहरण यहूदा इस्कर्योत, म्हणजे तीस रुपयांसाठी येशूला पकडून देणारा शिष्य. मराठी पवित्र शास्त्रात तो ‘पस्तावला’ असे म्हटले आहे. त्याने ते रुपये परत नेऊन टाकले आणि गळफास घेतला. त्याच रात्री पेत्र या दुसऱ्या शिष्यानेही गुरूला तीनदा नाकारले होते आणि तोही ढसाढसा रडला होता. दोघांचा ताप खरा होता. पण पेत्र परत आला, यहूदा आला नाही. मूळ ग्रीकमध्ये यहूदासाठी ‘मेटानोइया’च्या घराण्यातले क्रियापद वापरलेले नाही, हे भाष्यकार आवर्जून दाखवतात.

पश्चात्ताप आणि प्रायश्चित्त : मराठी ख्रिस्ती परिभाषेतील सगळ्यात अर्थपूर्ण घडामोड या दोन शब्दांच्या वाटणीत झाली. हिंदू धर्मशास्त्रात प्रायश्चित्त दोषी माणसाने स्वतः करायचे असते : उपवास, दान, पंचगव्य, क्षौर. भाषांतरकारांनी हाच शब्द उचलला, पण कर्ता बदलला. योहानाच्या पहिल्या पत्रात ख्रिस्त स्वतःच आपल्या पापांबद्दल ‘प्रायश्चित्त’ आहे. म्हणजे प्रायश्चित्त देवाकडून होऊन गेले आणि माणसाच्या वाट्याला पश्चात्ताप उरला. किंमत भरलेली आहे. आपण फक्त घरी यायचे. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात (लूक, अध्याय १५) मुलगा क्षमेचे भाषण वाटेत पाठ करत येतो आणि बाप ते पुरे होऊ देत नाही, त्यातले मर्म हेच.

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राला या दोन शब्दांतला फरक पुस्तकातून शिकावा लागला नाही. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये निमंत्रितांसमोर चहा-बिस्किटे आली. गोपाळराव जोशांनी उपस्थितांची नावे छापून आणली, ग्रामण्य (जातिबहिष्काराचा वाद) उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि लोकमान्य टिळक व न्यायमूर्ती रानडे या दोघांनाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावे लागले. कपभर चहासाठी प्रायश्चित्त होऊ शकले, कारण त्याला मनातल्या तापाची गरजच नव्हती. चहा प्यायल्याचे वाईट वाटले असेल असे मानायला तर अजिबात जागा नाही.

वारकरी परंपरा या बाबतीत धर्मशास्त्रापेक्षा ख्रिस्ती विचाराच्या जवळ उभी आहे. तिचा शब्द ‘अनुताप’. तुकोबांच्या अभंगांत अनुतापात चित्त न्हाणे हेच प्रायश्चित्त ठरते. पंढरपूर आणि चोखोबांचे मंगळवेढे ही दोन्ही गावे सोलापूर जिल्ह्यातलीच. तेव्हा या मातीत ‘पश्चात्ताप’ हा शब्द मिशनच्या पेटीतून कोरा करकरीत उतरला, असे म्हणता येत नाही. ख्रिस्ती झालेले मराठी कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) स्वतःच सांगत की, आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून.

ऐतिहासिक धागा : अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईला उतरले, १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे झाले आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धात काम सोलापूरला पोचले. १८७६–७८ आणि १८९९–१९०० या दुष्काळांनी सोलापूर जिल्हा होरपळून काढला, तेव्हा मदतकार्य, अनाथांचा सांभाळ आणि शाळा हेच मिशनच्या कामाचे मुख्य अंग बनले. शहरातील वोरोनोको शाळेचे कानाला परके वाटणारे नाव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावाचे आहे. कॅथलिकांच्या दृष्टीने सोलापूर जिल्हा पुणे धर्मप्रांतात मोडतो.

पश्चात्तापाच्या इतिहासातील सर्वांत गाजलेले मराठी ठिकाण सोलापुरात नसले तरी सोलापूरच्या रेल्वेमार्गावर आहे : पुणे–दौंड दरम्यानचे केडगाव. पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठे धर्मजागरण झाले. मुली तासन् तास रडत, मोठ्याने पापे कबूल करत. दूरदेशींच्या नियतकालिकांना त्या अश्रूंचे फार अप्रूप वाटले. प्रस्तुत लेखकाला त्याहून मोलाची वाटते ती रमाबाईंची नंतरची, निमूटपणे चाललेली मेहनत : मूळ हिब्रू व ग्रीकवरून साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत अख्ख्या बायबलचे भाषांतर. मरणापर्यंत त्या याच कामात होत्या.

विश्वास : मराठी ख्रिस्ती माणूस सहसा ‘श्रद्धा’ म्हणत नाही, ‘विश्वास’ म्हणतो, मंडळीतले लोक ते ‘विश्वासणारे’. ही निवड बोलकी आहे. श्रद्धा मूर्तीवर, तत्त्वावर, स्थळावर असू शकते. विश्वास टाकायला समोर कोणीतरी लागतो. बाजारात किराणा ‘विश्वासावर’ मिळतो, तेव्हा दुकानदाराने ग्राहकाबद्दलचे कोणतेही मत मान्य केलेले नसते, त्याने माणूस मान्य केलेला असतो. रमाबाईंच्या आयुष्यात या दोहोंतले अंतर वर्षांनी मोजता येते. इंग्लंडमध्ये १८८३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे, हे आठ वर्षांनी उमगल्याचे त्यांनीच लिहून ठेवले आहे.

नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे उदाहरण याच्या उलट्या क्रमाचे. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि संसार तुटला. लक्ष्मीबाई पुढे नवऱ्याकडे परतल्या तरी सोवळे सांभाळूनच राहत. राहुरीत असताना एके दिवशी विचार करता करता माणसांनी केलेला जातिभेद त्यांच्या मनातून गळून पडला, आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी त्यांना चालू लागले. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. मेटानोइयाचे एवढे घरगुती आणि एवढे नेमके उदाहरण मराठीत दुसरे सापडणे कठीण : मन पालटले आणि ते पाण्याच्या भांड्यात दिसले.

प्रीती आणि ऋण : ‘प्रीती’ हा शब्द एरवी मराठीत नाट्यपदांत आणि भावगीतांत उरला आहे, ख्रिस्ती मराठीने तो रोजच्या वापरात ठेवला. ‘देव प्रीती आहे’ हे वाक्य शब्बाथशाळेतल्या (रविवारच्या धर्मवर्गातल्या) पोरालाही पाठ असते. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात, लग्नांत हमखास वाचल्या जाणाऱ्या उताऱ्यात, प्रीती ‘अपकार स्मरत नाही’ असे येते. तिथले ग्रीक क्रियापद हिशेब मांडण्याचे आहे. अपकाराची नोंद खतावणीत होत नाही, असा त्याचा रोख.

हिशेबाची ही भाषा प्रभूच्या प्रार्थनेतही आहे. मत्तयाच्या पाठावर चालणारी मराठी प्रार्थना पापांचा उल्लेख ऋण म्हणून करते : आम्ही आमच्या ऋण्यांना सोडले, तशी आमची ऋणे तू सोड. पुष्कळ इंग्रजी उपासनांमध्ये या जागी ‘अपराध’ अशा अर्थाचा शब्द आहे, त्यामुळे धार बोथट होते. सोलापुरात ती बोथट होत नाही. १८७०च्या दशकात ‘जुनी गिरणी’ सुरू झाल्यापासून हे शहर कापडावर जगले, पुढे चादर आणि टॉवेलवर. घराघरांतून बायांनी विड्या वळल्या. मालकाकडची उचल, मुलीच्या लग्नाची उसनवार, किराण्याची वही ही इथल्या कष्टकरी घराची ओळखीची पाने. ज्याच्या डोक्यावर खरेच कर्ज आहे त्याच्या तोंडी ‘ऋणे सोड’ ही अलंकारिक भाषा राहत नाही. आणि ज्याचे दुसऱ्याकडे येणे आहे त्याला त्याच वाक्याचा पूर्वार्ध टोचावा, अशीच तिची रचना आहे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातल्या दाखल्यात राजा चाकराचे दहा हजार तलांत सोडतो आणि तोच चाकर सोबत्याचा गळा शंभर दिनारांसाठी धरतो. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, तलांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. एकीकडे सहा कोटी दिवसांची मजुरी, दुसरीकडे शंभर दिवसांची. दाखला ऐकणारे मजूर असावेत. हे प्रमाण त्यांना बोटांवर कळले असेल.

पश्चात्तापाचे फळ कसे ओळखायचे, हा प्रश्न बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला लोकांनी सरळ विचारला होता (लूक, अध्याय ३). त्याने उपास सांगितला नाही, यात्रा सांगितली नाही. दोन अंगरखे असतील तर एक द्या. जकातदारांनो, ठरल्याहून जास्त घेऊ नका. शिपायांनो, दमदाटीने पैसे काढू नका आणि आपल्या पगारात समाधान माना. प्रत्येकाला उत्तर त्याच्या धंद्यात मिळाले. हीच उत्तरे सोलापूरला लावून पाहता येतात. विड्या मोजून घेताना चांगल्या विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला सारणारा, टॉवेलचे वजन कागदावर वाढवणारा, घरकाम करणाऱ्या बाईचा खाडा नसताना पैसे कापणारी, यांचा पश्चात्ताप रविवारच्या प्रार्थनेत सुरू होईल. पुरा मात्र सोमवारी तराजूपाशी होईल. यरीहोच्या जक्कय नावाच्या जकातदाराने तो तसाच पुरा केला : अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि लुबाडलेल्याला चौपट. मराठीत यासाठी ‘भरपाई’ हा रोखठोक शब्द आहे आणि तो प्रवचनांतून याहून जास्त ऐकू यायला हवा.

उपासनेतील स्थान : कॅथलिक परंपरेत पश्चात्ताप हा संस्कार आहे : मनस्ताप, धर्मगुरूजवळ पापनिवेदन, पापमुक्ती आणि नेमून दिलेली भरपाई हे त्याचे टप्पे. वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावे असा दंडक १२१५ च्या लॅटरन परिषदेने घातला. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत कबुली सामुदायिक असते. मार्टिन ल्यूथरने १५१७ साली मांडलेल्या ९५ प्रबंधांपैकी पहिलाच म्हणतो की, श्रद्धावंताचे संपूर्ण आयुष्य पश्चात्तापाचे असावे. प्रभुभोजनाआधी स्वतःची परीक्षा करणे आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) क्रुसावरील सात उद्गारांवर मनन करणे या त्याच्या ओळखीच्या जागा. त्याहून अवघड सूचना येशूच्या डोंगरावरील प्रवचनातली आहे : भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवले तर अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जा, समेट कर. या सूचनेचे अक्षरशः पालन झाले तर दानार्पणाच्या गीताला बरीच बाके रिकामी दिसतील.

मर्यादा आणि आक्षेप : पश्चात्तापाचा उपदेश बहुधा दुबळ्याला होतो, ही या संकल्पनेच्या वापरातील जुनी खोड. मारहाण सोसणाऱ्या बायकोला ‘क्षमा कर’ सांगणे सोपे जाते. नवऱ्याला ‘वळ’ सांगायला धैर्य लागते. बायबलमध्ये नाथान संदेष्टा बोट दाखवतो ते परक्याची बायको बळकावणाऱ्या राजा दावीदाकडे, त्या बायकोकडे, बथशेबेकडे, नव्हे.

दुसरा आक्षेप सोलापूरच्या भूगोलातच आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्यांनी सबंध जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात अशा लोकांना तारेच्या कुंपणाआड ठेवून त्यांची हजेरी घेतली जाई. ‘सुधारणा’ हा त्या व्यवस्थेचा आवडता शब्द होता. पण ख्रिस्ती अर्थाने पाप कबूल करायचे ते आपण केलेले. पाळण्यातल्या पोराने कशाबद्दल कबुली द्यायची? ज्याने चूक केली तोच वळू शकतो आणि इथे वळायचे होते कायद्याने. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला. सोलापुरात त्या वस्तीला लोक अजूनही ‘सेटलमेंट’च म्हणतात.